बंबातले पाणी

शिक्षकाच्या धंद्यात काही वाक्ये कनवटीला लावलेल्या सुट्ट्या पैशांसारखी असतात. अडल्या वेळी चटकन काढून देता येतात. 'हे पुढच्या इयत्तेत येईल', 'हे परीक्षेला नाही', 'तास संपल्यावर विचार'. मीही ती इतकी वर्षे वापरीत आले आहे. त्यांतलेच एक नाणे मी एका मुलीच्या हातावर ठेवले आणि ते खोटे निघाले.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. चांद्रयान चंद्रावर उतरायचे होते, म्हणून शाळेने मुलांना थांबवून घेतले होते. सभागृहात पडदा लावला होता. सहा वाजून चार मिनिटांनी यान टेकले आणि मुलांनी असा काही गिल्ला केला की, बाहेर पाण्याच्या टाकीजवळ झोपलेले कुत्रे उठून पळाले. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि सातवीचा त्यांचा तास माझ्या वाट्याला आला. मी शिकवते मराठी. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यातही शास्त्राने मला काठावरच सोडून दिलेले. फळ्यावर कोणीतरी यान घेऊन जाणारा अग्निबाण काढून ठेवला होता. तो पुसावा की ठेवावा अशा विचारात मी असताना तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"बाई, ह्याच्या इंजिनात तीन हजार अंशांची आग असते. लोखंड तर पंधराशेला वितळतं. मग ते इंजिन वितळत कसं नाही?"

मी म्हणाले, "ते खास धातूचं असतं."

मुलगी खाली बसली. तेवढ्यावर भागले असते. पण तिने वही उघडली, 'खास धातू' असे लिहिले आणि पट्टी घेऊन त्याखाली रेघ मारली. ती रेघ मला घरी येईपर्यंत डाचत राहिली. कादंबरीत मी वाटेल त्या थापा मारते आणि लोक त्या विकत घेऊन वाचतात. पण तिथे थाप आहे हे दोघांनाही ठाऊक असते. ह्या मुलीला ते ठाऊक नव्हते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. भौतिकशास्त्र शिकवीत होते. त्यांच्याकडे गेले आणि मुलीचा प्रश्न आणि माझे उत्तर, दोन्ही सांगितले. ते मोठ्याने हसले.

"खास धातू? अहो, तांबं असतं तिथं, तांबं! थोडा दुसरा धातू मिसळलेलं, पण तांबंच. ते तर एक हजार पंच्याऐंशी अंशांना वितळतं, लोखंडाच्याही आधी. तुमच्याकडे बंब होता ना पूर्वी? तेच समजा."

बंब हा शब्द त्यांनी सहज उच्चारला. मला मात्र एकदम कसबा पेठेतल्या वाड्यातले नहाणीघर दिसले.

आजच्या मुलांना बंब सांगून कळत नाही, दाखवावा लागतो, आणि दाखवायला तो आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात कुंडी होऊन बसलेला असतो. तांब्याचे उभे पोटाळे भांडे, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. नळीत वरून बंबफोड टाकायची. आग आत, पाणी तिच्या भोवती. पाण्याच्या पोटात विस्तव ठेवण्याची ही युक्ती ज्या कुणाला सुचली असेल, त्याला गणितातले काही येत नसेल, पण आगीचा स्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे. आमचा बंब आजीच्या लग्नातला. त्याच्या अंगावर तांबट आळीच्या मठारकामाचे ठोके असे एकसारखे उठलेले होते की, लहानपणी मला ते माशाचे खवले वाटत. तोटी अगदी खाली होती. त्यामुळे काढाल तितके पाणी निघे. आणि म्हणूनच आजीचा दंडक असा की, ज्याने बादलीभर काढले त्याने बादलीभर घालायचे.

मी नऊ वर्षांची असेन. नरकचतुर्दशीची पहाट. घरात आंघोळीला अकरा माणसे. एरवीचा दंडक अशा दिवशी चालत नाही, कारण उटणे लावलेला माणूस कळशी उचलीत नाही. म्हणून बंबात पाणी घालण्याचे काम आजीने मला नेमून दिले होते. पाच-सहा आंघोळीपर्यंत मी ते मन लावून केले. मग अंगणात मुलांनी बाटलीत बाण उभा केला. दिवाळीचा बाण बाटलीतून सुटताना जो एक क्षण नुसताच फुरफुरत राहतो, त्या क्षणासाठी मी बाहेर गेले. एक बाण सुटला, दुसरा सुटला. तिसरा आडवा गेला आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या पातळाखालून निघाला. त्या धांदलीत किती वेळ गेला कोण जाणे. परत येते तो काकू नहाणीघरात कळशीभर पाणी बंबात ओतीत होती. एकदम मोठा फुस्स आवाज झाला, वाफ आणि राख नळीतून वर उसळली, आणि काकू, भिंत आणि कोनाड्यातली पणती एका रंगाची झाली. बंब आटून कोरडा झाला होता. आतल्या नळीचा खालचा सांधा सुटला होता, आणि ओतलेले पाणी थेट विस्तवावर पडले होते.

"पाणी घातलं होतंस ना ग?" आजीने विचारले.

"घातलं होतं," मी म्हणाले.

भाऊबीज उलटल्यावर बंब तांबट आळीत नेला. मीही आजीबरोबर गेले होते. त्या आळीत शिरले की ठोक्यांच्या आवाजात आपले बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. म्हाताऱ्या तांबटाने बंब आडवा केला, आत हात घालून नळीवरून बोटे फिरवली आणि म्हणाला, "आजी, हा कोरडा पेटलाय."

"छे हो," आजी म्हणाली, "पोरगी पाणी घालत होती की."

त्याने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले, असे मला वाटते. मग म्हणाला, "असेल. डाखही कच्चाच आहे म्हणा." आदल्या वर्षी तो सांधा गळत होता, तेव्हा माझ्या धाकट्या काकाने कुठूनतरी स्वस्तात कथील-शिशाचा डाख देऊन आणला होता. त्या स्वस्ताईवर सगळे खापर फुटले. पुढे कितीतरी वर्षे घरात कुठलीही वस्तू मोडली की, 'काकाने दुरुस्त करून आणली असेल' असे म्हणून लोक हसत. काका आता सत्तरीपुढे गेला आहे. त्याला मी अजून काही सांगितलेले नाही. हा अंक मात्र त्याच्याकडे जातो.

तर, प्राध्यापक सांगत होते.

अग्निबाणाच्या इंजिनात, म्हणजे द्रव इंधनाच्या, ज्वालेचा कोंडमारा होतो ती कोठी दुहेरी भिंतीची असते. आतली भिंत तांब्याची, जाडीने जेमतेम मिलिमीटरभर. तिच्या पाठीवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीचे शेकडो चर कोरलेले, वरून दुसऱ्या धातूचे कवच झाळून बसवलेले. टाकीतून निघालेले इंधन सरळ आगीत जात नाही. आधी त्या चरांतून धावते, भिंतीची उष्णता अंगावर घेते, आणि मग तापलेले असे कोठीत शिरून जळते. जे घटकाभराने पेटायचे आहे, तेच आधी भिंतीला थंड ठेवते. भिंतीच्या एका अंगाला तीन हजार अंश आणि दुसऱ्या अंगाला हा प्रवाह. त्या दोहोंमध्ये तांबे जिवंत राहते, कारण तांबे उष्णता धरून ठेवीत नाही, पुढे देऊन टाकते. नुसता चिवट, कडक धातू असून तिथे भागत नाही.

मला ते ऐकून ओशाळल्यासारखे झाले. मी मुलीला जे सांगितले, ते नुसते अपुरे नव्हते, उलटे होते.

उष्णता किती, तर मोठ्या इंजिनाचा जो गळा असतो, त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून पाच-पाच हजार वॅट, कधी त्याहूनही जास्त. आपल्या नहाणीघरातले दोन गीझर मिळून जेवढे तापवतात, त्यापेक्षा अधिक उष्णता एका नखाएवढ्या तांब्यातून आरपार जाते.

हे शहाणपण एका दिवसात आलेले नाही. अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड ह्या प्राध्यापकाने १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावच्या एका शेतात द्रव इंधनाचा जगातला पहिला अग्निबाण सोडला. पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू. तो अडीच सेकंद उडाला, एकेचाळीस फूट उंच गेला आणि एकशे चौऱ्याऐंशी फुटांवर पडला. गॉडर्डने रोजनिशीत नोंद केली आहे की, उडण्यापूर्वीच त्याच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग जळून गेला होता. त्याचाही बंब कोरडाच पेटला होता म्हणायचा! इंधनच भिंतीतून फिरवून आणावे ही कल्पना कागदावर जुनी होती. १९३८ च्या डिसेंबरात जेम्स वाइल्ड ह्या अमेरिकन इंजिनिअरने तसे छोटे इंजिन बनवून चालवून दाखवले. जर्मनांच्या व्ही-२ मध्ये मद्यार्क होता, त्यात चौथा हिस्सा पाणी. तोही दुहेरी भिंतीतून फिरून मगच जळत असे.

पण कुठले द्रव किती सोसते, हे कसे ठरवायचे? प्रत्येक वेळी इंजिन पेटवून आणि फोडून? प्राध्यापकांनी मला जी रीत सांगितली, ती मला एखाद्या कथेसारखी वाटली. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत ती फार वापरली गेली. विणायच्या सुईसारखी एक बारीक पोलादी नळी घ्यायची. तिच्यातून जे द्रव तपासायचे ते जोराने सोडायचे. नळीच्या दोन टोकांना विजेच्या जाड तारा जोडायच्या आणि नळीतूनच वीज खेळवायची, म्हणजे नळी स्वतःच विस्तव होते. मग वीज थोडी वाढवायची, तापमान टिपायचे. आणखी वाढवायची, टिपायचे. बराच वेळ काहीच होत नाही. द्रव उष्णता पीत राहते, नळी शांत असते. नळीच्या आतल्या अंगाला बुडबुडे धरू लागतात, तेव्हा तर ते अधिकच पिते. आणि मग एकदा, वीज अगदी कणभर वाढवताच, नळीचा एक ठिपका लाल होतो, आणि 'लाल झाला' असे म्हणेपर्यंत नळी तिथे फुटलेली असते. त्या आकड्याला त्या द्रवाची हद्द म्हणायचे. तो आकडा कळावा म्हणून दर वेळी एक नळी बळी द्यायची. माणसे भिंतीआड उभी राहून काचेतून पाहत. द्रवे तरी कसली, तर नायट्रिक ॲसिड, अमोनिया, हायड्राझिन. ह्यातले हायड्राझिन तापले की स्वतःच स्फोट करायला निघते.

"पण असं एकदम कसं होतं?" मी विचारले.

"थालीपिठं करता ना तुम्ही? तवा तापला का हे कसं बघता?"

पाण्याचा शिंतोडा मारून. तवा बेताचा तापलेला असला तर पाणी चर्र करून तिथेच आटते. फार तापलेला असला तर मात्र आटत नाही. मोती होऊन तव्यावर नाचत राहते. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी तव्याला शिवतच नाही. १७५६ साली लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने लाल तापलेल्या लोखंडी चमच्यावर हा नाच पाहून लिहून ठेवला. पुढे १९३४ साली जपानात नुकियामा ह्यांनी पाण्यात बुडवलेल्या तारेत वीज सोडून बुडबुड्यांची हद्द मोजली; एका मर्यादेपलीकडे तारेचे तापमान एकदम उडी घेते, हे त्यांना दिसले. नळीत तेच घडते. भिंत आणि द्रव ह्यांच्या मध्ये वाफेचा पडदा धरला की द्रव असून नसल्यासारखे. बाहेरून पाहावे तर प्रवाह चालू आहे, आणि भिंत मात्र एकटी पडली आहे.

इतकी वर्षे थालीपिठे लावते आहे, पण त्या नाचणाऱ्या थेंबांकडे मी फक्त 'तवा फार तापला' एवढ्यापुरतेच पाहिले होते.

रॉकेलची गोष्ट तर आणखी घरची. रॉकेल भिंतीतून फिरवले तर तापून त्याचा कोळसा धरतो, आणि चर बुजत जातात. आमच्या स्टोचे हेच होते. स्टोतही रॉकेल बर्नरच्या तापलेल्या नळीतून वर येते, वाफ होते आणि मग जळते; म्हणून तर त्याचे भोक काजळीने बुजे आणि आई दर थोड्या वेळाने पिन मारीत असे. भेसळीचे रॉकेल असले की पिना पुरत नसत. अग्निबाणाला पिन कोण मारणार? म्हणून त्याचे रॉकेल वेगळे गाळावे लागते, त्यातले गंधक काढावे लागते, कारण गंधक तांब्याला खाते. आपल्याकडे तमिळनाडूत महेंद्रगिरीला अशा रॉकेलवरच्या मोठ्या इंजिनाच्या भागांच्या चाचण्या २०२३ पासून चालू झाल्या आहेत.

आणि चांद्रयान नेणारे? त्या अग्निबाणात मधल्या टप्प्याला दोन विकास इंजिने होती. ह्या इंजिनाचे तंत्र १९७४ च्या करारान्वये फ्रेंचांकडून आले. पैसे मोजून नव्हे, आपल्या माणसांनी तिथे जाऊन काम केले त्याच्या मोबदल्यात. विकासची रीत वेगळी. तिथे भिंतीतून फिरवीत नाहीत. इंधनाचा एक हिस्सा आतून भिंतीला लागून सोडतात. त्याचा पातळ पडदा आग आणि धातू ह्यांच्या मध्ये राहतो. फणस चिरताना आपण हाताला तेल लावतो, त्यातलाच प्रकार. इंधन जाळायला जे दुसरे द्रव लागते, ते आपल्या रसायनीला, पाताळगंगेच्या काठी, हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात होत असे. २०१७ साली सरकारने तिथले बाकीचे विभाग बंद करायचे ठरवले, तेव्हा तेवढा एक विभाग इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला. मुंबईला जाताना रसायनीची पाटी मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि नाव काय गमतीदार आहे, एवढाच विचार केला आहे.

खरा बंब त्यावरच्या टप्प्यात. तिथे द्रवरूप हायड्रोजन, उणे दोनशे त्रेपन्न अंशांचा. तो तांब्याच्या भिंतीमागून धावतो आणि मग जळतो. अशा इंजिनांचे काम विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही होते. तांब्याला दुसरे कवच झाळून बसवायचे, आणि एकही सांधा कच्चा राहू द्यायचा नाही. हे वाचताना मला काकाचा डाख आठवला, आणि तो आठवताना हसू आले नाही.

दिवाळीची सुटी संपल्यावर मी विज्ञानाच्या बाईंना सांगून सातवीचा एक तास मागून घेतला. वर्गात गेले आणि प्रथम त्या मुलीला वही काढायला सांगितली.

"त्या दिवशी मी सांगितलं ते मला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं," मी म्हणाले. "ते खोड."

ती गोंधळली. बाईंनी सांगितलेले खोडायचे असते, हे तिला नवीन होते. मग तिने रेघेवरच दुसरी रेघ मारली.

मी मुलांना बंब सांगितला. फळ्यावर काढला, चित्रकलेच्या नावाने आनंद असल्यामुळे तो रांजणासारखा दिसला. बाणांच्या नादी लागून मी पाणी घालायची विसरले, बंब कोरडा पेटला, मी खोटे बोलले आणि बोलणी दुसऱ्यानेच खाल्ली, हेही सांगितले. शेवटच्या बाकावरून एकाने विचारले, "मग तुमच्या आजीला कळलंच नाही?" मी म्हणाले, "नाही." त्यावर वर्गात जी शांतता पसरली, तशी माझ्या कुठल्याच कवितेच्या तासाला पसरलेली मला आठवत नाही.

मग कागद दुमडून केलेला पेला काढला. टेबलावर मेणबत्ती लावली. पेल्यात दोन चमचे पाणी घातले आणि चिमट्याने तो ज्योतीवर धरला. मुले बाकांवरून उठून भोवती गोळा झाली. कागद आता पेटेल, मग पेटेल म्हणून एकमेकांना मागे ओढू लागली. कागद पेटला नाही. खाली काजळी धरली, कडेला पाण्याच्या रेघेवरचा भाग तपकिरी झाला, आणि पाण्यातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"बाई," ती मुलगी म्हणाली, "पाणी संपेपर्यंत धरू या?"

घंटा झाली. कोणी जागचे हलले नाही. पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनाही मुलांनी हाताने थांबायची खूण केली. पेल्यात आता चमचाभर पाणी होते. मग अर्धा चमचा. माझा हात भरून आला होता, म्हणून चिमटा मी तिच्याकडे दिला.